उत्तर एकाला की सगळ्यांना?

आज जरा साध्याच विषयावर लिहिते आहे. ईमेल पाठवणं आता सगळ्यांना येतं. पण एकाच वेळी शंभर-दीडशे माणसांना गेलेल्या पत्राला उत्तर कसं द्यावं, हे मात्र कोणी कोणाला शिकवत नाही. शाळेत आम्ही पत्रलेखन शिकवत होतो. मामाला सुट्टीत येत असल्याचं पत्र, मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज, पुस्तकविक्रेत्याकडे पुस्तकांची मागणी. या सगळ्या पत्रांत लिहिणारा एक आणि वाचणाराही एकच. एकाने लिहायचं आणि दीडशेंनी वाचायचं, अशा पत्राचा नमुना मी फळ्यावर कधी लिहून दिला नाही, कारण तशी वेळच कधी आली नव्हती. आता ती रोज येते.

माझं मत आधीच सांगून टाकते. अशा पत्राला उत्तर देताना 'काय लिहू?' हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न 'कोणाला लिहू?' हा. आपण बहुतेक जण दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, आणि गटातले रुसवे, गैरसमज, कंटाळा यांतला मोठा भाग तिथूनच सुरू होतो.

आमच्या शाळेचे माजी विद्यार्थी आणि आम्ही निवृत्त शिक्षक, यांचा मिळून एक ईमेल गट आहे. पूर्वी तो याहू ग्रुप्सवर होता. ती सेवा १५ डिसेंबर २०२० ला कायमची बंद झाली, त्याच्या थोडं आधीच मुलांनी (मुलं म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेली!) आमचं बिऱ्हाड गूगल ग्रुप्सवर हलवलं. व्हॉट्सअ‍ॅप आहेच, पण तिथे सकाळी लिहिलेलं संध्याकाळी सापडत नाही. सविस्तर लिहायचं असेल, चार वर्षांनी पुन्हा शोधायचं असेल, तर ईमेलच बरी पडते. गटात सुमारे १४० माणसं आहेत. नातेवाइकांचा एक वेगळा गट आहे, तो लहान आहे. पण तिथले प्रश्न थोड्याफार फरकाने तेच.

आता एक सोपं त्रैराशिक मांडते. गटात कोणाला तरी नातू झाल्याची बातमी येते. एक जण 'अभिनंदन!' एवढंच लिहितो आणि ते सगळ्यांना जातं. पत्र आलेलं बघायचं, उघडायचं, वाचायचं, मिटायचं, याला माझ्या वयाच्या माणसाला अर्धं मिनिट सहज लागतं. १४० माणसांचं अर्धं-अर्धं मिनिट म्हणजे ७० मिनिटं. आमच्या शाळेत एक तासिका ३५ मिनिटांची असे. म्हणजे एका 'अभिनंदन'ने दोन तासिका खाल्ल्या. चाळीस जणांनी अभिनंदन केलं तर ८० तासिका. एका वर्गाच्या आठवड्याला पन्नासच्या आत तासिका असत. म्हणजे दीड आठवड्याहून जास्त दिवसांचं वेळापत्रक त्यात गेलं. लिहिणाऱ्याचे मात्र पाच सेकंदच खर्च झालेले असतात, त्यामुळे त्याला हा हिशेब दिसतच नाही.

अभिनंदन करू नका, असं मी म्हणत नाही. ज्याच्या घरी पाळणा हलला त्याचं करा. त्याला वेगळं, त्याच्या नावाने, दोन ओळी जास्तीच्या लिहून करा. बघा, त्याला किती बरं वाटतं ते.

यात नवीन असं काही नाही. भारतात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९९५ मध्ये, इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या मंडळींनी एक टिपण प्रसिद्ध केलं. त्याचा क्रमांक 'आरएफसी १८५५' आणि विषय जालावरचे शिष्टाचार. इंटेल कंपनीतल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी ते लिहिलं. मला त्यात आवडलेली गोष्ट अशी की, एकाने एकाला लिहिणं आणि एकाने अनेकांना लिहिणं, यांचे तिथे दोन स्वतंत्र भाग केले आहेत. ही दोन कामं वेगळी आहेत हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. रागाने लिहायचं असेल तर एक रात्र जाऊ द्या. गटातल्या एकाशीच मतभेद असेल तर तो दोघांत बोला. उत्तर देण्याआधी आलेल्या सगळ्या पत्रांचे विषय तरी नजरेखालून घाला, कारण विचारणाऱ्याचं काम कदाचित तोवर झालेलंही असेल. असं सगळं त्यात आहे. तीस वर्षं झाली, पण आमच्या गटात ते आजच लिहिल्यासारखं वाटतं.

आणि तीस वर्षं तरी कशाला? आपल्या जुन्या पत्रांकडे पाहा. माझे वडील पत्राची सुरुवात कशी करत? 'साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. आपले दिनांक अमुकचे पत्र पावले. धाकटीच्या लग्नासंबंधी लिहिलेला मजकूर समजला.' आणि मग उत्तर. लहानपणी आम्हाला हे सगळं उगाच लांबण लावणं वाटे. पण त्या दोन ओळींत केवढी सोय होती! पत्र पोहोचायला आठ दिवस, उत्तर यायला आठ दिवस. तोवर आपण काय लिहिलं होतं ते लिहिणारा विसरून जायचा. म्हणून उत्तर देणारा आधी आठवण करून देई. सरकारी पत्रात तर त्यासाठी दोन ठरलेल्या जागाच असतात: 'विषय' आणि 'संदर्भ'. संदर्भात आपल्या आधीच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख. शाळेच्या कार्यालयात बारनिशी लिहिणाऱ्या आमच्या लिपिकांना विचारा. संदर्भ नसलेलं पत्र म्हणजे डोकेदुखी.

ईमेलमध्येही हेच आहे. विषयाच्या ओळीत आपोआप 'रि' असं उमटतं ना, ते 'रिप्लाय'चं लघुरूप आहे असं बहुतेकांना वाटतं. खरं तर ते लॅटिनमधून आलेलं आहे आणि त्याचा अर्थ 'अमुक बाबीसंबंधी' असा होतो. म्हणजे आपला 'विषय'च! आणि जावक क्रमांकही असतो, फक्त तो आपल्याला दिसत नाही. प्रत्येक ईमेलला एक स्वतंत्र छुपा क्रमांक मिळतो. आपण 'रिप्लाय' दाबलं की मूळ पत्राचा क्रमांक उत्तरासोबत जातो आणि त्यावरून संगणक पत्रांची साखळी जोडतो.

हे माहीत नसल्यामुळे काय होतं त्याचं एक उदाहरण सांगते.

आमच्या एका दिवंगत सहकाऱ्यांच्या पत्नी गटात आहेत. वय पंचाहत्तरीच्या पुढे. सर गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी कोषागारात कोणते कागद न्यायचे, हे त्यांना विचारायचं होतं. गटाला नवीन पत्र कसं पाठवायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी दिवाळीच्या शुभेच्छांचं एक पत्र उघडलं, त्याला 'रिप्लाय ऑल' केलं आणि आपला प्रश्न लिहिला. तेव्हा डिसेंबर उजाडला होता. त्या साखळीत शुभेच्छांची पन्नास-साठ पत्रं आधीच होती. 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा' असा विषय डिसेंबरात कोण उघडणार? बारा दिवस त्यांना एकही उत्तर आलं नाही. आपल्याला आता कोणी विचारत नाही, अशी त्यांची समजूत झाली. नवरा गेलेल्या बाईच्या मनात अशी समजूत किती लवकर घर करते, ते सांगायला नको. शेवटी बँकेत नोकरी करणारी एक विद्यार्थिनी जुनी पत्रं पुसत असताना तिला ते पत्र दिसलं. तिने नव्याने पत्र लिहिलं, विषय दिला: 'कुटुंब निवृत्तिवेतन: कागदपत्रांबद्दल माहिती हवी'. संध्याकाळपर्यंत चार उत्तरं आली. मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत, बँकेचं पासबुक, सगळं एकेकाने समजावून सांगितलं. त्याच गावातला एक जण त्यांच्यासोबत कोषागारात गेलाही.

माणसं चांगलीच होती. मदत करायला तयारही होती. फक्त पत्रावर चुकीचा विषय होता आणि त्याच्या आधी साठ शुभेच्छांचा ढीग होता. त्या बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. शुभेच्छा एकेकाने सगळ्यांना पाठवल्या नसत्या, तर त्यांचं पत्र दिसलं असतं.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नवा विषय असेल तर नवं पत्र लिहावं. जुन्या पत्राला उत्तर देऊन त्यात नवा विषय घुसडू नये. नुसती विषयाची ओळ बदलूनही नेहमी भागत नाही. जीमेल त्याची वेगळी साखळी करतं, पण काही प्रोग्रॅममध्ये तो छुपा क्रमांक पत्राला जुन्याच साखळीत नेऊन बसवतो. आणि दुसरी गोष्ट, विषयात नेमकं काय हवं ते लिहावं. 'मदत', 'महत्त्वाचे', 'नमस्कार' हे विषय नव्हेत.

आता मूळ मजकुराबद्दल. आपण उत्तर लिहितो तेव्हा आधीचं पत्र, त्याच्या आधीचं पत्र, असं सगळं शेपूट खाली लटकत राहतं. जीमेलमध्ये ते तीन टिंबांच्या मागे दडलेलं असतं, त्यामुळे आपल्याला त्याची लांबी कळत नाही. पण सगळ्यांचं तसं नसतं. काही जण दिवसभराची पत्रं एकत्र करून एकदाच मागवतात, त्यांना ते शेपूट दर वेळी पूर्ण दिसतं. गटातल्या जाणकारांमध्ये यावरून जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, उत्तर मूळ मजकुराच्या खाली लिहावं, म्हणजे प्रश्न आधी आणि उत्तर नंतर असं ओळीने वाचता येतं. दुसरा म्हणतो, वरच लिहावं, म्हणजे नवीन काय ते पटकन कळतं. दोन्ही बाजूंचे लोक हट्टी आहेत.

माझं मत एका विद्यार्थ्यामुळे पक्कं झालं. त्याला दिसत नाही. त्याचा संगणक पत्र मोठ्याने वाचून दाखवतो आणि तो ऐकतो. तो एकदा फोनवर म्हणाला, "बाई, लोक खाली उत्तर लिहितात तेव्हा नुसतं 'सहमत' ऐकण्यासाठी मला आधीच्या चाळीस ओळी ऐकाव्या लागतात. आणि वर लिहितात तेव्हा 'सहमत' लगेच ऐकू येतं, पण कशाशी सहमत, ते कळत नाही." दोन्ही पक्षांचं म्हणणं त्याने दोन वाक्यांत निकालात काढलं. मी त्याला विचारलं, मग तुला कसं हवं? तो म्हणाला, "आधी एका ओळीत सांगा की कोणाच्या कुठल्या मुद्द्याबद्दल बोलताय, मग तुमचं म्हणणं सांगा. बाकीचं पुसून टाका."

म्हणजे 'आपले दिनांक अमुकचे पत्र पावले, मजकूर समजला' हेच की! माझ्या वडिलांची पद्धत. उत्तर वर की खाली, हा मुद्दाच नाही. ज्या ओळीला आपण उत्तर देतो आहोत तेवढी एक ओळ ठेवावी, किंवा आपल्या शब्दांत तिचा सारांश द्यावा, आणि उरलेलं पुसावं. पुसायला लिहिणाऱ्याला एक मिनिट लागतं. ते एक मिनिट त्याने दिलं नाही तर १४० जणांना द्यावं लागतं.

मजकुरावरून आठवलं. काही मंडळी अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मराठी टंकून ते पत्रात चिकटवतात. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. मग दहा जण सगळ्यांना लिहितात, 'वाचता येत नाही'. एकाने कळवलं की पुरे, आणि तेही फक्त पाठवणाऱ्याला.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते. उत्तर कोणाला?

गटाची व्यवस्था दोन प्रकारे लावता येते. एका प्रकारात नुसतं 'रिप्लाय' दाबलं तरी उत्तर सगळ्या गटाला जातं. दुसऱ्या प्रकारात ते फक्त लिहिणाऱ्याला जातं, आणि सगळ्यांना पाठवायचं असेल तर 'रिप्लाय ऑल' मुद्दाम दाबावं लागतं. पहिल्या प्रकाराची बाजू घेणारे म्हणतात की चर्चेचा गट आहे, तर चर्चा सगळ्यांसमोर व्हायला नको का? त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण मी दुसऱ्या प्रकाराच्या बाजूची आहे, आणि त्याचं कारण साधं आहे. सगळ्यांना जायचं उत्तर चुकून एकालाच गेलं, तर नुकसान काय? पुन्हा पाठवता येतं. पण एकाला जायचं पत्र चुकून सगळ्यांना गेलं, तर ते परत घेता येत नाही. कोणाचं दुखणं, कोणाची उधारी, कोणाच्या मुलीच्या सासरची गोष्ट, एकदा १४० जणांच्या घरी पोहोचली की पोहोचली. जीमेलमध्ये 'अनडू सेंड'ची सोय आहे, पण तीही जास्तीत जास्त ३० सेकंदांची. एकतिसाव्या सेकंदाला काही करता येत नाही. तेव्हा व्यवस्था अशी असावी की माणूस चुकला तर कमी नुकसानाच्या बाजूने चुकावा.

आमच्या गटाची व्यवस्था बरेच दिवस पहिल्या प्रकारची होती. दोन वर्षांपूर्वी चर्चा होऊन ती बदलली. पत्रांची संख्या कमी झाली आणि वाचणारे वाढले, असा माझा अनुभव आहे. व्यवस्था कशीही असो, पाठवण्याआधी वरच्या 'टू'च्या चौकटीत कोणाचं नाव आहे ते एकदा वाचावं. पाकिटावरचा पत्ता न बघता आपण पत्र पेटीत टाकत होतो का?

सगळ्यांना उत्तर देण्याच्या सवयीने केवढा गोंधळ होऊ शकतो, याची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. १९९७ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्ट कंपनीत हजारो कर्मचाऱ्यांची नावं असलेली एक पत्त्यांची यादी होती. आपण या यादीत का आहोत, असं एकाला वाटलं आणि 'माझं नाव काढा' असं त्याने त्या यादीलाच लिहिलं. ते हजारोंना गेलं. त्यांतल्या अनेकांनी 'माझंही काढा' म्हणून सगळ्यांना लिहिलं. मग काहींनी 'सगळ्यांना उत्तर देणं थांबवा' असं सगळ्यांनाच लिहिलं! दीड कोटी पत्रं इकडून तिकडे गेली, असा त्यांच्याच माणसाचा अंदाज आहे. संगणकाचे प्रोग्रॅम बनवून देणाऱ्यांची ही गत, तर आपण कोण? यातून घ्यायचं ते एवढंच की नाव काढायची विनंती गट सांभाळणाऱ्याला करावी, आणि गोंधळ चालू असेल तर गप्प बसणं हीच मदत.

'सीसी' आणि 'बीसीसी'चंही सांगून टाकते. 'सीसी' म्हणजे कार्बन कॉपी. आमच्या कार्यालयात टंकयंत्रात दोन कागदांमध्ये निळा-काळा कार्बन घालत आणि खाली लिहीत, 'प्रत माहितीसाठी'. ज्याला माहितीसाठी प्रत आली आहे त्याने उत्तर द्यायचं नसतं, हे शिपायालाही ठाऊक होतं. ईमेलमध्ये मात्र ज्याचं नाव 'सीसी'त आहे तोच सर्वांत आधी उत्तर देतो. 'बीसीसी'त घातलेले पत्ते इतरांना दिसत नाहीत. लग्नाचं आमंत्रण किंवा बदललेला फोन नंबर ऐंशी जणांना कळवायचा असेल, तर सगळे पत्ते तिथे घालावेत. एक तर ऐंशी जणांचे पत्ते ऐंशी ठिकाणी पसरत नाहीत, आणि कोणी 'रिप्लाय ऑल' दाबलं तरी ते बाकीच्यांना जात नाही.

इथवर सोयीची गोष्ट झाली. पण मला खरं बोलायचं आहे ते पुढच्या दोन गोष्टींबद्दल.

पहिली, दुखवट्याची. आमचे गणिताचे सर गेले. बातमी गटात आली आणि दोन दिवसांत साठेक पत्रं आली, सगळी सगळ्यांना. 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो'. सरांची मुलगी गटात होती. महिन्याभराने ती भेटली तेव्हा म्हणाली की त्यातली दोन पत्रं तिने छापून ठेवली आहेत. एकात लिहिलं होतं की सर प्रमेय सिद्ध झालं की खडू खाली ठेवून वर्गाकडे नुसते बघत राहायचे. दुसऱ्यात, त्यांनी एका मुलाची परीक्षेची फी कोणाला न सांगता कशी भरली होती, ते होतं. बाकीची पत्रं तिने वाचली, पण त्यांत तिच्यासाठी काही नव्हतं. आपल्याकडे कोणी गेलं तर आपण भेटायला जातो, शेजारी बसतो, बोलायला सुचलं नाही तर नुसते बसतो. ते बसणं त्या घरच्या माणसांसाठी असतं. गावाच्या चौकात उभं राहून 'वाईट झालं' असं ओरडून आपण घरी जात नाही. गटात नुसती श्रद्धांजली लिहिणं मला तसं वाटतं. त्या माणसाची एखादी आठवण असेल तर जरूर सगळ्यांना लिहावी, ती सगळ्यांच्या उपयोगाची आहे. सांत्वन मात्र ज्याचं करायचं त्याला वेगळं लिहावं, किंवा फोन करावा.

दुसरी गोष्ट, चारचौघांत चूक दाखवण्याची. आमचा एक विद्यार्थी शेती करतो. शाळेत असताना त्याचं आणि शुद्धलेखनाचं कधी जमलं नाही. त्याने एकदा गटात लांबलचक पत्र लिहिलं: विहीर आटल्यावर त्याने ऊस सोडून काय काय लावलं, ठिबक कसं बसवलं, कुठे फसला, कुठे सावरला. इतकं नेमकं लिहिलेलं मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. त्यावर पहिलं उत्तर आलं ते एका शिकल्यासवरल्या गृहस्थांचं, आणि त्यात होती त्याच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांची यादी. अर्थात सगळ्यांना! त्या विद्यार्थ्याने 'बरोबर आहे सर' एवढं लिहिलं. त्यानंतर आजवर त्याने गटात एक ओळ लिहिलेली नाही. गेल्या वर्षी एकाने गावाकडे परतून शेती करण्याबद्दल गटाला विचारलं, तेव्हा त्याला नीट उत्तर देऊ शकणारा माणूस गटात होता. पण तो गप्प राहिला.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. ऱ्हस्व-दीर्घ मलाही टोचतात. पण चूक दाखवण्याची जागा वहीत असते. लाल शाईने लिहून वही ज्याची त्याच्या हातात द्यायची. वर्गासमोर वाचून दाखवायचं ते चांगलं वाक्य. हा नियम बी.एड.ला कोणी शिकवला की नाही ते आठवत नाही, वर्गात चार वर्षं उभं राहिलं की तो आपोआप समजतो. ईमेलमध्ये वही आणि वर्ग यांच्यात फक्त एका बटणाचं अंतर आहे, म्हणून ते बटण दाबताना जास्त जपायचं.

हीच गोष्ट नियम शिकवणाऱ्यांचीही. 'विषय नीट लिहा', 'शेपूट पुसा' असं कोणाला सांगायचं असेल तर एकट्याला, गोड शब्दांत सांगावं. नवख्या माणसाला सगळ्यांसमोर नियम ऐकवणं हा स्वतःच मोठा नियमभंग आहे. माझ्या वयाच्या एका मैत्रिणीला ईमेल शिकायला वर्ष लागलं. तिच्या पहिल्याच पत्रावर कोणी असं काही ऐकवलं असतं, तर तिने संगणक झाकूनच ठेवला असता.

यावर कोणी म्हणेल, "एवढे नियम लावले तर गटातला आपलेपणाच जाईल. शाळेची घंटा झाली म्हणायची!" मला हे माझ्या भाच्यानेच ऐकवलं आहे. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. सगळेच एकेकट्याला लिहू लागले तर गट मुका होईल, आणि कोणी प्रश्न विचारला तर त्याला काय उत्तरं मिळाली ते बाकीच्यांना कधी कळणार नाही. म्हणून प्रश्न विचारणाऱ्यावरही एक जबाबदारी येते. उत्तरं आपल्याला वेगळी आली असतील तर शेवटी सगळ्यांचा मिळून सारांश गटाला लिहावा: अमुक अमुक सल्ले मिळाले, मी हे केलं, काम झालं. निवृत्तिवेतनाचं काम झाल्यावर त्या बाईंनी असं पत्र लिहिलं होतं, कोणत्या खिडकीवर जायचं इथपर्यंत. पुढे आणखी दोन घरांना ते उपयोगी पडलं. १४० जणांना पाठवावं असं पत्र ते हे.

आपलेपणाबद्दल म्हणाल तर, चाळीस 'अभिनंदन'मध्ये आपलेपणा किती असतो आणि एकट्याला लिहिलेल्या चार ओळींत किती असतो, ते ज्याला दोन्ही मिळाली आहेत त्याला विचारा. सगळ्यांना ते लिहावं जे सगळ्यांच्या कामाचं आहे. एकाचं एकाला लिहावं. आणि मनात राग असेल तर आधी झोपावं.

असो. लिहिता लिहिता बरंच लांबलं, शिक्षकाची जुनी खोड! तुमच्या गटांत, तुमच्या नातेवाइकांत काय पद्धत आहे ते मला जरूर कळवा. मला एकटीलाच लिहिलंत तरी चालेल.

कळावे, लोभ आहेच तो वाढावा.